भूकंप-अभियांत्रिकीतली प्राध्यापकी: सीमाभागातील वाचकांचे प्रश्न

सिव्हिल इंजिनिअरिंगनंतर भूकंपसुरक्षेचा अभ्यास करून अध्यापन-संशोधनात कसं जायचं, याविषयी बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातून बरीच पत्रं आली. सारख्या प्रश्नांचं एकत्रित उत्तर दिलं आहे.

मुलगा बी.ई. सिव्हिल झाला. भूकंपाचा अभ्यास करून प्राध्यापक व्हायचं म्हणतो. आपल्याकडे भूकंप होतो कुठे? हा विषय घेऊन तो बेळगावात काय करणार? (एक पालक, टिळकवाडी)

किल्लारीच्या लोकांनाही भूकंप आपल्याकडचा वाटत नव्हता. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे तो झाला, तेव्हा देशाच्या भूकंप-नकाशात तो भाग सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागात होता. तीव्रता सहाच्या थोडी वर, म्हणजे जगाच्या हिशेबात मध्यम. तरी दहा हजारांच्या आसपास माणसं गेली, कारण मातीत रचलेल्या जाडजूड दगडी भिंती आणि त्यांच्यावरचं मातीचं वजनदार धाबं. २००२ साली भूकंपरोधक बांधकामाचा राष्ट्रीय मानक, म्हणजे कोड, सुधारला, तेव्हा तो पहिला विभाग नकाशातून काढूनच टाकला.

बेळगाव याच कोडच्या (आय.एस. १८९३) २०१६ च्या आवृत्तीत तिसऱ्या विभागात आहे, विभाग-गुणांक (धोक्याचं माप) ०.१६. उत्तरेला कोयना आहे, जिथे ११ डिसेंबर १९६७ ला मोठा धक्का बसला. या ०.१६ चा अर्थ आकड्यात बघा. नीट तपशील दिलेली आरसीसी चौकट, कमी उंचीची इमारत, सामान्य वापर असं धरलं तर आडवा भूकंप-गुणांक ०.१६ भागिले २, भागिले ५, गुणिले २.५, म्हणजे ०.०४ येतो. ६०० टन वजनाच्या इमारतीला पायथ्याशी २४ टनांचा आडवा जोर झेलता आला पाहिजे. तीच इमारत शाळा असेल तर महत्त्व-गुणांक १.५ लागतो आणि जोर ३६ टन होतो. यातला ५ हा भागाकार, म्हणजे चौकट न मोडता वाकू शकते म्हणून मिळणारी सूट, फुकट मिळत नाही. सळईचा तपशील आय.एस. १३९२० (भूकंपासाठी सळई कशी बांधावी याचा कोड) प्रमाणे असेल तरच तो घ्यायचा, आणि तिसऱ्या विभागापासून पुढे हा तपशील बंधनकारक आहे. (कोड बदलत असतात. हिशेबाला बसण्याआधी भारतीय मानक ब्यूरोकडे लागू आवृत्ती तपासावी.)

विश्वेश्वरय्या तंत्रविद्यापीठ बेळगावातच आहे, उद्यमबागेत इंजिनिअरिंग कॉलेजं आहेत. शिकवणं, जुन्या शाळा-दवाखान्यांची तपासणी, दुसऱ्याचं डिझाइन तपासून देणं, एवढं काम याच जिल्ह्यात आहे. मुलाला अडवू नका.

मी पी.यू.सी. दुसऱ्या वर्षाला आहे. कर्नाटकातून प्रवेश घ्यावा की महाराष्ट्रातून? सीमाभागातल्या मुलांना काही सवलत आहे का? (विद्यार्थिनी, खानापूर)

दोन्ही दारं उघडी ठेवा. कर्नाटक सीईटीसाठी साधारण नियम असा, की पहिली ते बारावीत किमान सात वर्षं कर्नाटकात शिक्षण आणि दहावी किंवा बारावी यांपैकी एक इथून उत्तीर्ण. तुमची बहीण किंवा मैत्रीण अकरावी-बारावीला कोल्हापूरला गेली असेल, तरी दहावी इथली आणि वर्षं भरत असतील तर तिचा हक्क जात नाही.

महाराष्ट्राच्या सीईटी-कॅप (केंद्रीकृत) प्रवेशात ‘टाइप ई’ नावाचा उमेदवारीचा प्रकार आहे. वादग्रस्त सीमाभागातल्या मान्यताप्राप्त संस्थेतून दहावी-बारावी झालेल्या आणि मातृभाषा मराठी असलेल्या मुलांसाठी तो ठेवला आहे. त्याला सीमाभागाच्या रहिवासाचा आणि मातृभाषेचा असे दोन दाखले माहितीपुस्तिकेतल्या ठरावीक नमुन्यात लागतात. गाडी अडते ती इथेच. साध्या कागदावर आणलेला दाखला चालत नाही, आणि शाळेच्या कागदपत्रांत मातृभाषेच्या रकान्यात दुसरंच काही असेल तर ऐन प्रवेशाच्या आठवड्यात धावपळ होते. रकाना आजच बघून घ्या. त्या वर्षीच्या पुस्तिकेतल्या अटीही शब्दन् शब्द वाचा.

शाखा मात्र सिव्हिलच घ्या. बी.ई.च्या पातळीवर ‘भूकंप’ अशी वेगळी पदवी शोधत बसू नका, खास अभ्यास एम.टेक.पासून सुरू होतो. बी.ई.त संरचना विश्लेषण, डिफरन्शियल इक्वेशन आणि मॅट्रिक्स यांत कच्चं राहू नये. कंपनांचा सगळा अभ्यास या तिघांवर उभा आहे.

बी.ई. तिसऱ्या वर्षात आहे. गेट कधी द्यावी आणि एम.टेक. कुठे करावं? मराठी माध्यमातून आलोय, इंग्रजी आडवं येईल का? (विद्यार्थी, निपाणी)

गेट ही एम.टेक. प्रवेशाची देशपातळीवरची परीक्षा तिसऱ्या वर्षापासून देता येते आणि गुण तीन वर्षं चालतात. म्हणून पहिला प्रयत्न याच वर्षी करा, सराव म्हणून नव्हे, मनापासून. तीन तास, ६५ प्रश्न, १०० गुण. त्यातले १५ गुण सामान्य क्षमतेचे, आणि आपल्याकडची मुलं नेमकी त्याच भागाकडे दुर्लक्ष करतात. बहुपर्यायी प्रश्नांत चुकीला गुण कापतात, आकडा लिहायच्या प्रश्नांत कापत नाहीत. तेव्हा आकड्याचा प्रश्न कोरा सोडू नये.

एम.टेक.साठी पहिलं नाव रूरकीचं. प्रा. जयकृष्ण यांनी तिथे १९६० साली भूकंप-अभियांत्रिकीचं स्वतंत्र शिक्षण सुरू केलं, आज तो आयआयटीतला पूर्ण विभाग आहे. हैदराबादच्या ट्रिपल-आयटीत भूकंप-अभियांत्रिकीचं संशोधन केंद्र आहे. कानपूर, मुंबई, मद्रास, गांधीनगर या आयआयटी आणि बेंगळूरची आयआयएससी इथे संरचना विषयात राहून भूकंपावर काम करता येतं. जवळ हवं तर सुरतकलचं एनआयटी किंवा सांगलीचं वालचंद कॉलेज. संस्थेच्या नावाइतकंच महत्त्वाचं म्हणजे तिथे या विषयाचा मार्गदर्शक आहे का. विभागाच्या पानावर जाऊन प्राध्यापकांचे गेल्या पाच वर्षांतले लेख बघा. सगळे लेख काँक्रीटच्या मिश्रणावर असतील, तर तुमचाही प्रबंध त्यावरच होईल.

गेटवर प्रवेश मिळालेल्यांना एम.टेक.ला महिना १२,४०० रुपये विद्यावेतन मिळतं. त्यात घरून फार मागवावं लागत नाही.

इंग्रजीचं म्हणाल, तर वाचनाचं इंग्रजी सहा महिन्यांत बसतं, लिहिण्याला वेळ लागतो. रोज कोडचं एक कलम वाचून ते स्वतःच्या शब्दांत इंग्रजीत चार ओळींत लिहायचं. कोडची भाषा साधी आणि नेमकी असते, शोधनिबंधाला तीच लागते.

एम.टेक.चा प्रबंध करायचा आहे. कॉलेजात शेक टेबल (भूकंपासारखं हलणारं चाचणीचं टेबल) नाही. सगळे जण सॉफ्टवेअरमध्ये दहा मजली काल्पनिक इमारत काढून मोकळे होतात. वेगळं काय करता येईल? (विद्यार्थी, उद्यमबाग परिसर)

प्रश्न रास्त आहे. ती काल्पनिक दहा मजली इमारत हजारो प्रबंधांत होऊन गेली. सॉफ्टवेअर चालवता येतं, यापलीकडे तिच्यातून काहीच सिद्ध होत नाही.

शहरात खाली पार्किंग आणि वर चार मजले अशा इमारती ढिगाने आहेत. त्यांचा नैसर्गिक आवर्तकाल, म्हणजे एका पूर्ण झोक्याला लागणारा वेळ, मोजा. कोड दोन सूत्रं देतो. नुसती आरसीसी चौकट धरली तर ०.०७५ गुणिले उंचीचा ०.७५ वा घात. चौकटीत वीटकाम भरलेलं असेल तर ०.०९ गुणिले उंची, भागिले त्या दिशेच्या लांबीचं वर्गमूळ. उंची १५ मीटर आणि लांबी १६ मीटर घ्या. पहिल्या सूत्राने ०.५७ सेकंद येतात, दुसऱ्याने ०.३४. कठीण जमिनीवर ०.४० सेकंदांच्या आत असलं तर त्वरण-गुणांक २.५ (बेळगावच्या हिशेबातला तोच) घ्यायचा, त्यापुढे १ भागिले आवर्तकाल. म्हणजे ०.५७ ला गुणांक १.७५ झाला. एकाच इमारतीचा आडवा जोर, केवळ भिंती मोजल्या नाहीत म्हणून, तीस टक्क्यांनी घटला. आता खालच्या मजल्यावर भिंतीच नाहीत, वर आहेत. मग खरा आवर्तकाल कुठे पडतो? याचं उत्तर प्रत्यक्ष मोजल्याशिवाय मिळत नाही. २००१ च्या भूज भूकंपात केंद्रापासून दोनशे किलोमीटरहून दूर असलेल्या अहमदाबादेत अशाच पार्किंगवाल्या इमारती बसल्या, तेव्हा हा प्रश्न आपल्या शहरांना थेट लागू आहे.

मोजायला संवेदनशील त्वरणमापक लागतो. मोबाइलमधला चालत नाही, त्याच्या स्वतःच्या गोंगाटात इमारतीचं बारीक कंपन बुडून जातं. एक मापक गच्चीवर आणि एक तळाला, दोन्ही आडव्या दिशांनी, स्लॅबला पक्के टेकवून ठेवायचे. सेकंदाला १०० ते २०० नोंदी पुरतात, सलग अर्धा तास नोंद घ्यायची. वेळ मध्यरात्रीनंतरची, लिफ्ट आणि पाण्याचा पंप बंद. गच्चीच्या वर्णपटाला (कोणत्या वारंवारतेचं कंपन किती, त्याचा आलेख) तळाच्या वर्णपटाने भागलं की शिखर दिसतं, एक भागिले ती वारंवारता म्हणजे आवर्तकाल. तीन ठिकाणी घोटाळा होतो. पाण्याची टाकी भरलेली होती की रिकामी, ते लिहिलेलं नसतं. मापक फरशीच्या पोकळ तुकड्यावर ठेवलेला असतो. आणि पंपाची वारंवारता इमारतीची समजून घेतली जाते. शिवाय हे बारीक कंपनातलं मोजमाप आहे. मोठ्या धक्क्यात भिंतींना तडे जाऊन आवर्तकाल वाढतो, हे प्रबंधात स्पष्ट लिहावं. अशा पंधरा-वीस इमारती नीट मोजल्यात, तर परीक्षकाला विचारण्यासारखं आणि तुम्हाला सांगण्यासारखं काही असेल.

विश्लेषणाला ओपनसीज हे मोफत सॉफ्टवेअर घ्या. शिकायला जड आहे, पण आत काय चाललंय ते दिसतं.

खासगी कॉलेजात शिकवतो. नोकरी सांभाळून पीएच.डी. करायची आहे. जांभ्याच्या घरांवर काम करावं असं मनात आहे. जमेल का? (अधिव्याख्याता, बेळगाव तालुका)

विषय उत्तम आहे. वीटकामावर जगभर लिहिलं गेलं, जांभ्यावर त्या मानाने फारच कमी. खानापूरच्या पश्चिमेला, चंदगड आणि कोकणात हजारो घरं जांभ्याची आहेत, पण डिझाइनवाल्याच्या हाती त्याचे विश्वासार्ह आकडे नाहीत.

कामाचा क्रम असा ठेवा. आधी निदान तीन खाणींतले चिरे आणून कोरडे आणि भिजलेले, दोन्ही दाबून बघा. जांभा पाणी पितो, आणि भिजल्यावर त्याची ताकद लक्षणीय घटते. एकाच खाणीतला वरचा आणि खालचा चिराही सारखा नसतो, म्हणून प्रत्येक चिऱ्यावर खाण आणि थर लिहून ठेवा. मग पाच थरांचे प्रिझम (एकावर एक चिरे रचलेले छोटे खांब), तेही दोन-तीन प्रकारच्या मसाल्यांत. त्यानंतर १.२ मीटर चौरस भिंतीचा तुकडा कर्णावर उभा करून दाबायचा, म्हणजे कातरशक्ती कळते. हा तुकडा उचलतानाच मोडण्याचं प्रमाण मोठं असतं, तेव्हा बैठकीच्या चौकटीवरच बांधा आणि चौकटीसकट फिरवा. एवढं काम कॉलेजच्या प्रयोगशाळेत ५०० किलोन्यूटनच्या जॅकवर होतं.

शेक टेबल शेवटच्या टप्प्यात. बेंगळूरच्या सीपीआरआय या केंद्रीय वीज संशोधन संस्थेत ३ मीटर गुणिले ३ मीटरचं, तीन दिशांनी हलणारं टेबल आहे, भार १० टनांपर्यंत. त्यावर काय मावेल ते आधी कागदावर काढा. निम्म्या मापाची खोली घेऊ: बाहेरून २ मीटर गुणिले दीड मीटर, उंची दीड मीटर, भिंत १५ सेंटिमीटर. दारं-खिडक्या वजा जाऊन भिंती सुमारे अडीच टन, स्लॅब अर्धा टन, मिळून ३ टन. आता मेख. साहित्य तेच ठेवून माप निम्मं केलं की गुरुत्वाचा ताण बरोबर यावा म्हणून घनता दुप्पट लागते. चिऱ्याची घनता तर बदलता येत नाही, म्हणून आणखी ३ टन वजन शिश्याच्या किंवा लोखंडाच्या पट्ट्यांनी भिंतींवर आणि स्लॅबवर वाटून लावायचं. खालची आरसीसी बैठक सव्वा टन. बेरीज सव्वासात टन, म्हणजे बसतं. पूर्ण मापाची खोली एकटीच २४ टन भरली असती. भूकंपाची नोंदही काळात दाबावी लागते, दोनाच्या वर्गमुळाने भागून. जास्तीचं वजन न लावता आणि नोंद न दाबता केलेला प्रयोग बघायला छान दिसतो, पण त्याचे आकडे खऱ्या घराला लावता येत नाहीत. नोंद निवडताना कोयनेची १९६७ ची जरूर घ्या, आपल्याच पठारावरची ती आहे.

दोन नमुने करा. एक साधा, दुसऱ्यात जोत्यावर, लिंटेलला आणि छताखाली आरसीसी पट्टा. एकाच नमुन्याच्या निकालाला तुलनाच राहत नाही.

वेळेचं सांगायचं तर यूजीसीच्या २०२२ च्या नियमांत किमान तीन आणि साधारण कमाल सहा वर्षं आहेत, त्यात कोर्सवर्कही धरलेलं. अर्धवेळ उमेदवाराने पाच वर्षं धरून चालावं. पहिलं वर्ष प्रवेशपरीक्षा, कोर्सवर्क आणि वाचनात जातं. टेबलाची तारीख आणि शुल्काची मंजुरी यांना महिनोन् महिने लागतात, म्हणून तो अर्ज दुसऱ्याच वर्षी टाका. आणि नोंदणीपूर्वी कॉलेजकडून आठवड्याला एक पूर्ण दिवस संशोधनाला मिळेल असं लेखी घ्या. तोंडी मिळालेला दिवस परीक्षांच्या हंगामात हमखास जातो.

पैसे घेऊन आठवड्यात लेख छापणारी नियतकालिकं टाळा. अशा दहा लेखांमुळे पुढच्या मुलाखतीत अडचणच होते. चांगल्या नियतकालिकात एक लेख यायला वर्ष-दीड वर्ष लागतं, तेवढी कळ काढा.

पगार किती, पायऱ्या कोणत्या? (हुक्केरी)

इंजिनिअरिंग कॉलेजात सहायक प्राध्यापकाला बी.ई. आणि एम.टेक., यांपैकी एकात प्रथम श्रेणी पुरते, नेटची अट नाही. सातव्या वेतन आयोगाचं मूळ वेतन ५७,७०० पासून. खासगी कॉलेजात ते प्रत्यक्ष हाती येतं का, ते नेमणूकपत्रात बघावं. सहयोगी प्राध्यापकाच्या थेट भरतीला पीएच.डी., आठ वर्षांचा अनुभव (त्यातली दोन पीएच.डी.नंतरची) आणि मान्य नियतकालिकांत सहा लेख लागतात. प्राध्यापकाला दहा वर्षं, त्यातली किमान तीन सहयोगी पदावरची. पूर्णवेळ पीएच.डी.ला आयआयटीत महिना ३७,००० आणि दोन वर्षांनी ४२,००० मिळतात. आयआयटीत नियमित सहायक प्राध्यापक व्हायला पीएच.डी.नंतर साधारण तीन वर्षांचा अनुभव मागतात, मूळ वेतन १,०१,५०० पासून. कर्नाटकच्या सरकारी भरतीत कन्नडची परीक्षा असते. ती भाषा लिहायला-वाचायला आतापासून शिका, वर्गात आणि साईटवरही तिचा उपयोग होतो.

कॉलेजात कॉलमच्या रिंगेचा (उभ्या सळयांभोवतीच्या कडीचा) हुक १३५ अंशांत शिकवतात, साईटवर सगळीकडे ९० अंशांत दिसतो. विचारलं तर ‘तीस वर्षं असंच बांधतोय’ म्हणतात. खरंच एवढा फरक पडतो? शिकवताना मुलांना काय दाखवावं? (पॉलिटेक्निकचे शिक्षक, चिकोडी)

पडतो, आणि भूकंपसुरक्षेचा जवळजवळ अर्धा अभ्यासक्रम त्या हुकात आहे. धक्क्यात कॉलमचं टोक पुढे-मागे वाकतं आणि आधी सळईबाहेरचं काँक्रीट, म्हणजे कव्हर, सुटतं. ९० अंशांचा हुक त्या कव्हरमध्येच असतो. कव्हर गेलं की हुक उघडतो, रिंग सैल पडते, उभी सळई बाहेर फुगते आणि आतलं काँक्रीट मोकळं होऊन ढासळतं. १३५ अंशांचं टोक गाभ्याच्या आत गेलेलं असतं, कव्हर पडलं तरी ते धरून राहतं. तीस वर्षांत फरक दिसला नाही, कारण तीस वर्षांत तसा धक्का बसला नाही.

आकडे २०१६ च्या आय.एस. १३९२० चे. हुकाचं टोक रिंगेच्या जाडीच्या सहा पट, पण ६५ मिलिमीटरहून कमी नाही. ८ मिलिमीटरच्या रिंगेला सहा पट म्हणजे ४८, म्हणून ६५ च घ्यायचं. कॉलमची लहान बाजू किमान ३०० मिलिमीटर, म्हणजे आपल्याकडचा ९ इंची कॉलम इथेच बाद होतो. ३०० गुणिले ४५० चा कॉलम घ्या, सळई १६ ची. टोकांजवळ रिंगांचं अंतर लहान बाजूच्या चौथा भाग (७५), बारीक सळईच्या सहा पट (९६) आणि १०० यांतलं सर्वांत कमी, म्हणजे ७५ मिलिमीटर. ही दाट रिंग वर आणि खाली किमान ४५० मिलिमीटर लांबीत हवी, आणि बीम-कॉलमच्या सांध्यातूनही चालू राहिली पाहिजे. सांध्यात रिंग घालायला बीमची सळई आड येते म्हणून तिथेच सोडून देतात. मधल्या भागात अंतर १५० पर्यंत चालतं. सळईचा लॅप (दोन सळया एकमेकींवर चढवून केलेला जोड) स्लॅबच्या लगेच वर न देता कॉलमच्या उंचीच्या मधल्या अर्ध्या भागात द्यायचा, आणि एका ठिकाणी निम्म्याहून जास्त सळया जोडायच्या नाहीत.

मुलांना दाखवायचं असेल तर वर्कशॉपमध्ये ३०० गुणिले ४५० चे दोन सांगाडे फूट-दीड फूट उंचीचे बांधा, एक ९० चा, एक १३५ चा, आणि उभ्या सळईला आतून बाहेर पहारीने रेटायला सांगा. मग त्यांना सळई बांधणाऱ्याच्या पाटाकडे न्या. हुक ९० वर थांबतो, कारण पाटावरच्या खुंट्या त्याच मापात ठोकलेल्या असतात आणि १३५ ला हाताचा एक फेरा जास्त लागतो. खुंटीची जागा बदलून आणि ६५ मिलिमीटरवर खूण करून दिली, की दिवसाकाठी रिंगांची संख्या फारशी कमी होत नाही. काँक्रीट पडण्याआधी सांध्यातल्या रिंगा बोटाने मोजायच्या, फोटो काढायचा, मगच ओतायला परवानगी द्यायची.